राहुकाळ, टायमर आणि साठ अंडी

नात बंगळूरला नोकरी करते. ती काय करते ते मला कळतं, आणि हीच तिची अडचण आहे. बाकीच्या आज्यांना ‘कॉम्प्युटरचं काम’ एवढं सांगितलं की पुरतं. मी विचारते, चिप कुठली, इंटरप्ट किती वेळानं येतो, हँडलर किती ओळींचा आहे. परवा फोनवर ती वैतागून म्हणाली, “आजी, दोन दिवस झाले, टायमरचा इंटरप्ट एकदा येतो आणि मग येतच नाही.”

मी म्हटलं, “ओ दिलीस का त्याला?”

तिनं फोन ठेवला. दहा मिनिटांनी तिचा पुन्हा फोन. “चालू झालं. तुला कसं कळलं?”

कसं कळलं ते सांगायचं तर मला एका त्रेचाळीस वर्षांच्या बाईची ओळख करून द्यावी लागेल, आणि ती बाई मला फारशी आवडत नाही. बीदरच्या एका कॉलेजात ती इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये इन्स्ट्रक्टर होती. डिप्लोमा झालेली, आणि तो डिप्लोमा कुंकवासारखा कपाळावर लावून फिरणारी. घरातला मिक्सर बंद पडला तर ती आधी कागदावर सर्किट काढायची, आणि प्लग लावलेला नाही हे तिला सासू दाखवायची. दर दुसऱ्या वाक्याला ‘लॉजिकली बघितलं तर’ म्हणायची. नवरा बिचारा लॉजिकली न बघताच मान हलवायचा. ती बाई मीच. पण मधे इतकी वर्षं गेली आहेत की आता तिची चेष्टा करायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

माझी धाकटी जाऊ भालकी तालुक्यात मेहकरला राहायची. आमच्या सासरची मंडळी मूळची मेंढरांमागे फिरणारी. पुढं थोडी जमीन झाली, मेंढरं कमी होत गेली, आणि जावेच्या वाट्याला एक दोन खणी घर, चार शेळ्या आणि कोंबड्या आल्या. दीर हैदराबादला गेले होते. आधी बांधकामावर, मग एका इमारतीवर वॉचमन. तिथं जिन्याखाली एक खोली मिळाली होती, आणि त्या खोलीत नळ होता. नळाचं कौतुक सांगून सांगून दीर तिला बोलवत होते. मेहकरातल्या आमच्या गल्लीतली अर्धी दारं तेव्हा कुलपातच होती. कुणी हैदराबादला, कुणी पुण्याला. हिला जायचं नव्हतं. “जिन्याखाली कोंबडीला पाय टेकायला जागा न्हाई, मला कुठली,” असं ती म्हणायची.

तिनं एक तोड काढली होती. गावरान पिल्लांना भालकीच्या बाजारात मागणी होती. पण कोंबडी खुडूक बसायची ती तिच्या मर्जीनं, आणि एकीच्या पोटाखाली दहा-बारा अंडी मावायची. पेटी केली तर साठ अंडी एका वेळी बसतील. दीर ऐकून म्हणाले, “एक खेप बघू. पिल्लं निघाली तर राहा हितं. न्हाई निघाली तर दाराला कुलूप, आन् गपचिप माझ्यासंगं चलायचं.” जावेनं ‘व्हय’ म्हटलं. ती एकदा ‘व्हय’ म्हणाली की मागं फिरत नसे, म्हणून त्या साठ अंड्यांवर तिचं सगळं घर बसलेलं होतं.

पेटी सुतारानं केली. आत बल्ब, उष्णता राखायला एक साधा थर्मोस्टॅट, ओलाव्यासाठी पाण्याची परात, वीज गेली तर खालून कंदील. राहिलं अंडी फिरवणं. कोंबडी चोचीनं, पायानं दिवसभर अंडी उलटी-पालटी करत असते; नाही केली तर आतलं पिल्लू कवचाला चिकटून मरतं. पेटीत ते काम कुणी करायचं? बीदरला जुन्या बसस्टँडजवळच्या एका दुकानात तासातासाला मोटर चालू करणारा तयार टायमर मिळत होता. काड्यापेटीएवढा. तो आणला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पण ती बाई म्हणाली, “तयार कशाला? मी करते.”

कॉलेजनं भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर तिनं मागून घेतला. त्यावर लिनक्स टाकलं, एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून. एका खटारा जीपचं वायपर फिरवणारी मोटर आणली, तिला अंड्यांचा ट्रे जोडला. मोटर फिरली की ट्रे एका अंगाला कलायचा, पुढच्या तासाला दुसऱ्या अंगाला. अंडी हलवायला एवढी यंत्रणा. गावातली माणसं बघायला यायची आणि कोंबडीकडे आदरानं बघत परत जायची.

इंटरप्ट म्हणजे काय ते सांगते, घाबरू नका. सून पोळ्या लाटतेय आणि सासू माजघरातून हाक मारते. सून लाटणं ठेवते, काम करून येते, आणि पोळी जिथं सोडली होती तिथून पुढं लाटते. लाटणारी सून म्हणजे कॉम्प्युटर, हाक म्हणजे इंटरप्ट, आणि हाक आल्यावर काय करायचं ते ज्यात लिहून ठेवलेलं असतं तो हँडलर. माझ्याकडे सासूच्या जागी एक टायमर चिप होती. ती मी एका कार्डावर बसवली होती, कार्ड कॉम्प्युटरच्या खाचेत खोचलं होतं. दर सेकंदाला ती एक तार वर करायची. हँडलर सेकंद मोजायचा. तीन हजार सहाशे झाले की मोटर.

आधी लॅबमध्ये जुळवणी केली तेव्हा मी मोटर हँडलरच्या आतच चालवली. ट्रे कलायला बारा सेकंद लागायचे, आणि ते बारा सेकंद माझा हँडलर तिथंच उभा, बाकी कुणाला दारातून आत येऊ न देता. म्हणजे सून सासूच्या कामाला गेली ती तिथंच गप्पा मारत बसली, इकडं पोळी तव्यावर करपली. कीबोर्ड दाबला तर ढिम्म. कॉम्प्युटरचं स्वतःचं घड्याळ दर तासाला बारा सेकंद मागं पडायला लागलं, दिवसाला जवळजवळ पाच मिनिटं. चार दिवस मी घड्याळाची बॅटरी बदलत बसले होते. लॅबच्या प्रमुखांनी सहज विचारलं, “मॅडम, हँडलरमध्ये थांबत तर नाही ना तुम्ही?” मी म्हटलं, “छे, मी काय नवखी आहे का?” आणि ते वळल्यावर गुपचूप दुरुस्त केलं. हँडलरनं नुसती चिठ्ठी ठेवायची, मोटर दुसऱ्यानं चालवायची. ठीक झालं.

आता एक बारीक गोष्ट सांगते, कारण सगळं रामायण तिच्यात आहे. माझ्या कार्डावरची तार एकदा वर गेली की वरच राहायची. हँडलरनं कार्डाला एक ठरलेलं उत्तर दिलं की मगच ती खाली यायची. आणि तो जुना कॉम्प्युटर असा, की त्याला तार वर जाताना तेवढी कळायची. वर गेलेली नुसती उभी असेल तर कळायची नाही. म्हणजे एकदा उत्तर द्यायचं राहिलं की तार वरच, नवी हाक नाही, काही नाही. सासूनं हाक मारली, सुनेनं ओ दिली नाही, सासू रुसली ती रुसलीच. हे कार्ड मीच जोडलं होतं. वहीत लाल पेननं लिहिलंही होतं, ‘उत्तर विसरू नये’. आणि ते उत्तर मी ठेवलं हँडलरच्या शेवटच्या ओळीत. सगळी कामं उरकल्यावर, शिस्तीत.

अंडी सोमवारी बसवली. मी सकाळी सातच्या आत पोचले होते, पण जाऊ नऊ वाजेपर्यंत अंड्यांच्या टोपलीला हात लावू देईना. सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ. आमच्याकडे रोजचा तो दीड तास म्हणजे अडलेला. त्यात कुणी काही सुरू करत नाही. दुकानाचं शटर असो, बैठक असो, नवी चप्पल असो. मी ओट्यावर बसून घड्याळाकडे बघत ‘लॉजिकली’ वैतागत होते. नऊ वाजून दोन मिनिटांनी साठ अंडी पेटीत गेली. मोटर फिरली. मी विजयी मुद्रेनं बीदरची बस धरली. निघताना तिला बजावलं, काही झालं तरी झाकण उघडायचं नाही, ऊब जाते.

शुक्रवारी कॉलेजात शिपाई सांगत आला, “मॅडम, जाऊबाईंचा फोन.” जाऊ किराणा दुकानातल्या फोनवरून बोलत होती.

“अक्का, ही तुमची पेटी राहुकाळात बी फिरायलीय.”

“मग?”

“मग काय मग? आज अकराला फिरली. मी घरात होते, कानानं ऐकले. रोज असंच करायली आसंल. जीव हाय त्येच्यात, अक्का. राहुकाळात हलवायचं न्हाई.”

“कोंबडी काय पंचांग बघून अंडी फिरवते?”

“कोंबडीला कोण इचारतंय. ही तर तुमी केल्याव ना? तुमाला कळतंय म्हणूनशान सांगायले.”

दीड तास अंडी न हलल्यानं काही बिघडत नाही, हे मला माहीत होतं. तयार टायमर असता तर ‘जमत नाही’ म्हणून सुटका झाली असती. पण त्या बाईला ‘जमत नाही’ हा शब्द आवडायचा नाही. म्हटलं, बघच तू. शनिवारी लॅब रिकामी झाल्यावर बसले. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये तसंच दुसरं कार्ड होतं. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, आपली वेळ कळत नाही, त्याला परदेशातली कळते. म्हणून साडेपाच तास मिळवले. त्याचं सेकंद मोजणं एका गुरुवारी सुरू झालेलं आहे, त्यावरून आजचा वार काढला. सात वारांचे सात राहुकाळ मांडले. आणि हँडलरच्या अगदी वरती ओळ घातली, राहुकाळ असेल तर इथूनच परत जा.

सकाळी आल्याबरोबर खरं तर बसता आलं असतं. पण शनिवारी नऊ ते साडेदहा राहुकाळ. मी आधी चहा घेतला, मग कपाट आवरलं, मग अकराला सुरुवात केली. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

पाच वाजेपर्यंत ते लॅबमध्ये घड्याळासारखं चाललं. रविवारी दुपारी फ्लॉपी घेऊन मेहकरला गेले, नवा प्रोग्राम चढवला. गुरुवारची गंमत जावेला सांगितली, तर ती मान डोलावून म्हणाली, “कुणी का असंना, चांगला वार बघून सुरू केलाय बघा.” दोनदा ट्रे फिरलेला बघितला, भाकरी खाल्ली, चारच्या बसनं निघाले.

सोमवारी सकाळी शिपाई दारात. पेटी कालपासून गप्प.

“काल संध्याकाळपतोर वाट बघले,” जाऊ म्हणाली. “सहापतोर राहुकाळ म्हणून गप होते. मग सात वाजले, आठ वाजले. कामून गप बसलीय ती?”

“बंद करून चालू कर.”

चालू झाली. मी सुटले. मंगळवारी पाचच्या सुमाराला पुन्हा फोन. बुधवारी पुन्हा. गुरुवारी मी शिपायाला येताना बघूनच उठायला लागले. दरवेळी माझं उत्तर एकच, बंद करून चालू कर. दरवेळी ती चालू व्हायची आणि दुसऱ्या दिवशी कधीतरी गप्प पडायची. मी तिला विचारायचे, वीज गेली होती का, व्होल्टेज कमी होतं का, उंदीर आहे का, कुणी वायरला पाय लावला का. ती म्हणायची, “न्हाई. राहुकाळ आला की गप होतीय.”

“तो योगायोग.”

“रोज?”

“अगं, लॉजिकली बघितलं तर राहुकाळ असं काही नसतंच.”

“आसू का नसू, तुमच्या पेटीला मातर लागलाय.”

मी फोन आपटला. निरक्षर नसली तरी जेमतेम चौथी शिकलेली एक बाई मला सांगणार, माझ्या कर्नलला राहू लागला म्हणून. आठवडाभर मी लॅबमध्ये तो बिघाड पकडायला धडपडले. कार्ड पुन्हा झाळलं. केबल बदलली. साउंड कार्डाशी भांडण आहे का बघितलं. मदतीची पानंच्या पानं छापून काढली. तिथला कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. मी प्रमुखांना सांगितलं, मेहकरच्या विजेत दोष आहे. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, जावेच्या हाताळणीत दोष आहे. तो म्हणाला, “तू सोडून सगळ्यांत असणार.” त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

रागाच्या तळाशी भीती होती. शुक्रवारी हिशेब केला. रोज काही तास ट्रे एकाच अंगाला पडून. एकवीस दिवसांतला पहिला आठवडाच नाजूक, आणि नेमका त्याच्या शेवटालाच बंद पडायला लागलं. पिल्लं कवचाला चिकटली असणार. दिरांना ती ‘व्हय’ म्हणून बसलेली. म्हणजे जावेच्या दाराला कुलूप लागणार आणि ते लावणारी मी, काड्यापेटीएवढा टायमर घेतला नाही म्हणून.

शनिवारी रजा टाकून मेहकरला गेले. अकरा वाजत आले होते. पेटी गप्प होती. झाकण उघडलं आणि माझा पाराच चढला. प्रत्येक अंड्यावर एका बाजूला कोळशाची फुली, दुसऱ्या बाजूला टिकली.

“झाकण उघडायचं नाही म्हटलं होतं ना मी?”

“म्हणलाव की.”

“मग?”

“मग उघडले. पेटी गप झाली की आपण फिरवायचं. फुली वर हाय का टिकली, एवढंच बघायचं. साठ अंड्याला किती येळ लागतंय?”

“ऊब जाते.”

“कोंबडी बी उठतीच की दाणे टिपायला. तवा कुठं मरतेत पिल्लं.”

 वायपरची मोटर हातानं फिरत नाही, म्हणून ती एकेक अंडं उचलून फिरवत होती. आठवडाभर. पेटी बंद पडल्यापासून किराणा दुकान उघडून माझा ‘बंद करून चालू कर’ हा मंत्र मिळेपर्यंत. एकदोनदा तर मंत्र न विचारताच तिनं दिवस काढला होता, कारण मी फोनवर फार ओरडत होते. पेटीमागच्या भिंतीवर तिनं कोळशानं, पडद्यावरचा आकडा थांबलेला बघून, बंद पडायच्या वेळा मांडल्या होत्या. रविवार साडेचार. मंगळवार तीन. बुधवार बारा. गुरुवार दीड. मी त्या वाचल्या. चष्मा पुसून परत वाचल्या. आणि त्या बाईचं डोकं असं, की ती म्हणाली, “दुपारी ऊन वाढतं, कार्ड तापत असणार.”

“आज सकाळी नऊला बंद पडलीय,” जाऊ म्हणाली. “नऊला कुठलं ऊन?”

चालू केलं. शनिवारभर चाललं. रविवारी सकाळी चाललं. मी स्टुलावर बसून पडद्यावरचा आकडा बघत होते. सेकंद सरेल तसा तो एकेकानं वाढायचा. दुपारी जेवण झाल्यावर मी पिशवी भरली.

“बघ, मी समोर असले की कसं चालतं.”

“चारची बस सोडा,” जाऊ म्हणाली. “साडेचारपतोर बसा.”

“कशाला?”

“बसा म्हणले की बसा. आठ दिस तुमचं ऐकले, एक दिस माझं ऐका.”

आम्ही दोघी पेटीपुढं बसलो. ती शेंगा फोडत होती, मी तिला दाखवायला म्हणून घड्याळाकडे बघत नव्हते. आकडा एकवीसशेच्या पुढं गेला. एकवीसशे पाच, सहा, सात. सात. सात.

मी कीबोर्ड दाबला. चालत होता. कॉम्प्युटर जिवंत होता, घड्याळ पुढं जात होतं, साडेचार वाजून गेले होते. फक्त आकडा सातावर उभा.

 जावेनं एक शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

हँडलर उघडून बघायचीही गरज नव्हती, तरी उघडला. पहिली ओळ: राहुकाळ असेल तर इथूनच परत जा. आणि कार्डाला द्यायचं उत्तर खाली, शेवटच्या ओळीत. साडेचार वाजता सासूनं हाक मारली. सून उंबऱ्यावरून बघून, आता मुहूर्त नाही म्हणून, ओ न देता तशीच मागं वळली. तार वरच राहिली. राहुकाळ संपला तरी पुढची हाक यायला तार खाली कुठं होती? पेटीला राहू लागला होता. जाऊ आठ दिवस अक्षर न् अक्षर खरं सांगत होती. फक्त तो राहू आकाशातला नव्हता, मी हातानं टाइप करून आत बसवलेला होता.

आणि लॅबमध्ये का सापडला नाही? हे उमगलं तेव्हा मी शेंगांची टरफलं चिवडत बसले होते. सोमवारचा राहुकाळ कॉलेज उघडायच्या आधीच उलटायचा. मंगळवारी सकाळी चाचणी लावली, आणि दुपारी तीनच्या आधी मुलांचं प्रॅक्टिकल म्हणून काढून घेतली. बुधवारी म्हटलं जेवून बघू. गुरुवारी तीनपर्यंत मला काहीतरी दुसरंच काम निघालं. शुक्रवारी बारानंतर. राहुकाळ मानत नाही म्हणून जावेला फोनवर झापणारी ती बाई पाचही दिवस राहुकाळ टाळून चाचणी घेत होती, आणि दरवेळी चहा, जेवण, प्रॅक्टिकल असं लॉजिकल कारण देत होती. लहानपणापासूनचं वळण. नवी वही उघडतानासुद्धा हात थबकायचा. ज्या दीड तासात बिघाड होता, तेवढाच दीड तास मी सोवळ्यात ठेवला होता.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. उत्तराची ओळ उचलून पहिली केली. मोजणी तिच्याखाली आणली. राहुकाळाची अट नुसती मोटरपुरती ठेवली. पाच वाजता आकडा पुन्हा धावायला लागला, मोटर गप्प. सहा वाजून गेल्यावर मोटर फिरली. जावेला मी काय झालं ते सांगितलं. सांगावं लागलंच.

तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हंजे आधी व्हय म्हणायचं. मग काम आत्ता करायचं का मागनं, ते आपलं आपण बघायचं.”

“हो.”

“हे तर आत्याबाईंनी मला लगीन होऊन आल्यावर पैल्याच दिशी शिकवलंत्या. तुमाला न्हाई शिकवल्या?”

शिकवलं होतं. आमच्या सासूबाई स्वयंपाकघरातून हाक मारायच्या तेव्हा ती डिप्लोमावाली सून झाळायची सळई हातात धरून, ‘हे झालं की एकदम जाते’ म्हणत, ओ न देता बसायची. सासूबाई दुसऱ्यांदा हाक मारायच्या नाहीत. जावेला हाक मारायच्या.

अठराव्या दिवसापासून अंडी हलवायची नसतात, म्हणून मोटरची वायर काढून ठेवायला मी तिला कळवलं. पुढच्या रविवारी, एकविसाव्या दिवशी, मी पुन्हा गेले. दीर हैदराबादहून आले होते. बाजेवर बसले होते आणि पायाशी एक मोठी बॅग होती, रिकामी. भांडी भरून न्यायला आणली होती. ते पेटीकडे बघत नव्हते. मला म्हणाले, “वहिनी, तुमी लई कष्ट घेतलाव,” म्हणजे मयताला आल्यासारखं.

जाऊ कानाला अंडं लावून एकेक ऐकत होती. दुपार गेली. चार वाजले. मी घड्याळ बघितलं, तिनं घड्याळ बघितलं, दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. पावणेपाचला कोपऱ्यातल्या एका अंड्यावर, कोळशाच्या फुलीच्या बरोबर शेजारी, तडा गेला. त्यातून टाचणीच्या टोकाएवढी चोच बाहेर आली.

माझ्या जिभेला हाड नव्हतंच. मी म्हटलं, “राहुकाळ चाललाय. आत ढकलू का त्याला सहापर्यंत?”

“अक्का, गप बसा,” जाऊ म्हणाली.  “पिल्लू काय इचारून येतंय व्हय.”

सोमवार दुपारपर्यंत एक्केचाळीस निघाली. उरलेल्या एकोणीस अंड्यांतली किती माझ्या राहूनं घेतली आणि किती आधीपासूनच पोकळ होती, ते मी कधी मोजलं नाही. जावेनं मोजलं असेल. मला सांगितलं नाही. दीर दोन दिवस पिल्लांच्या टोपल्यापाशी बसून होते. हैदराबादला परत जाताना त्यांनी ती मोठी बॅग इथंच ठेवली, बाजरी भरायला उपयोगी पडेल म्हणून. ‘चल’ हा शब्द त्यांनी काढला नाही आणि तिनं आठवण करून दिली नाही.

निघताना मी विचारलं, राहुकाळाची अट काढून टाकू का आता?

“आसू द्या,” ती म्हणाली. “आता पेटी व्हय म्हणायलीय न्हवं का? मग आसू द्या.” आणि थांबून म्हणाली, “पर पुढच्या खेपेला तेवढा दुकानातला टायमर बी घिऊन या. कपाटात ठिवते. तुमचा काय भरोसा न्हाई.”

आणला. काड्यापेटीएवढा. पुढच्या खेपेला तो कपाटात नव्हता, पेटीला लावलेला होता, आणि माझ्या कॉम्प्युटरच्या डब्यात एक कोंबडी खुडूक बसली होती.